लिंगप्पा आणि नवऱ्यातला र

टायपिंगच्या दुकानात किस्से शोधत बसावं लागत नाही. माणूस आपलं नाव, गाव, देव आणि सोयरे घेऊन येतो, आपण ते टाइप करायला बसतो आणि मधेच एखादं अक्षर आडवं पडतं. संध्याकाळपर्यंत एक तरी गोष्ट घरी न्यायला मिळतेच. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या बाईकडं तर त्या जास्तच साठतात, कारण खर्चच होत नाहीत.

माझं माहेर वाशी. मुंबईजवळचं नव्हे, आमच्या धाराशिवचं. हे प्रत्येकाला सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगितलं. सासर अणदूर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान: लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, झेरॉक्स. सासरे, म्हणजे आप्पा, यांचं उभं आयुष्य मराठी टाइपरायटरवर गेलेलं. नवरा महेश. (लिहिताना महेश, बोलताना अहो.) बापलेकांत मिळून लॅपटॉप एकच, तोही महेशच्या कॉलेजातला. त्यावर विंडोज उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं, म्हणून महेशनं त्याच्या जागी लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकली. आता तो पळतो. फक्त कीबोर्डवर नसलेलं अक्षर काढायचं म्हटलं की सगळ्यांचे श्वास रोखले जातात.

आणि आमचं एक साधं काम राहून गेलं होतं. लग्न ठरलं तेव्हा महेश म्हणाला होता, "नळदुर्गचा किल्ला बघायला जाऊ. आपण दोघंच." मोटारसायकलवर पाव तासाचा रस्ता. पण रविवार ठरायचा आणि नेमकं रविवारीच कुणाचं तरी अक्षर अडायचं. घरात सासूबाई, आप्पांच्या थोरल्या बहीण म्हणजे आत्या, आणि दिवसभर गिऱ्हाईक. दोघांनी निवांत बोलावं अशी जागा म्हणजे गच्ची, तर तिथं पापड. पुढच्या किस्स्यांत अक्षरं कितीही येवोत, माझा डोळा किल्ल्याकडं होता, हे आधीच सांगून ठेवते.

*

सासूबाईंना 'लिनक्स' म्हणता यायचं नाही. त्यांच्या तोंडी त्याचा 'लिंगप्पा' झाला. आमच्याकडं सोलापूर-कर्नाटक जवळ, त्यामुळं लिंगप्पा हे नाव कुणालाच खटकत नाही. सकाळी त्या आतून विचारायच्या, "लिंगप्पा उठला का?" कधी म्हणायच्या, "आज लिंगप्पा रुसलाय, चहा उशिरा ठेवते." मीही मनातल्या मनात तेच म्हणायला लागले.

एकदा एक गृहस्थ पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. महेशला बघून खुर्चीवर बसले, पण कागद काही देईनात. शेवटी म्हणाले, "तुमचं राहू द्या. तुमच्यात लिंगप्पा म्हनून कोन हाय ना, लई हुशार म्हनं? त्याच्याकडंच देतो."

महेशनं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. गृहस्थांनी लॅपटॉपच्या मागं वाकून बघितलं.

*

आमच्या कीबोर्डवर ॐ नाही. तो काढायचा तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून यू दाबायचा आणि मग त्या अक्षराचा नंबर टाकायचा: शून्य नऊ पाच शून्य. पत्रिकांच्या दुकानात ॐवाचून पान हलत नाही. आप्पांनी तो नंबर पाठ करायला घेतला. टाइपरायटरचा माणूस, जिद्द मोठी. आंघोळीला जाताना, जेवताना, झोपाळ्यावर बसून पुटपुटत राहायचे, "शून्य नऊ पाच शून्य."

दोन-तीन दिवस सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "गं, हा नंबर कुनाचा?"

मी म्हटलं, "आई, ओमचा."

"ओम कोन?"

मी खुलासा करणार तोवर त्या बाहेर गेल्या आणि आप्पांना विचारलं, की त्या ओमला आपल्या घरी फोन करायला काय होतं, तुम्हीच कशाला लावताय सारखा.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "आगं, देवाचा नंबर हाय त्यो. लागत न्हाय लवकर."

*

टाइपरायटरवर 'कि' काढायचं तर आधी वेलांटी मारायची, मग क. आप्पांच्या बोटांत ती सवय इतकी मुरलेली, की कॉम्प्युटरवर उलटं असतं हे त्यांना पटतं, बोटांना पटत नाही. आधी वेलांटी मारली की लिंगप्पा गोंधळतो. वेलांटीला आधार सापडत नाही, म्हणून तो स्वतःच बारीक टिंबांचं एक वर्तुळ काढतो आणि त्यावर तिला बसवतो.

अशी एक पत्रिका छापून गेली. नवरीचं नाव किरण. नावाच्या सुरुवातीलाच वेलांटी आणि टिंबाटिंबांचं गोल. नवरीची आई पत्रिका घेऊन आली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे गोल काय हाय वो?"

महेश खाली बघायला लागला. मी शेजारी झेरॉक्स काढत होते, मीही खाली बघायला लागले.

आप्पा म्हणाले, "डिझाइन."

बाईंनी परत एकदा बघितलं, मान डोलावली आणि गेल्या.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण रविवारी सकाळी मी साडी नेसून तयार, महेश गाडी पुसतोय, आणि किरणच्या आईचीच जाऊबाई दारात. तिच्या मुलीचं लग्न. कागद पुढं करून म्हणाली, "आमच्या पोरीच्या नावात बी तसलं गोल पायजे. त्यांना एक आन् आम्हाला दुसरं, असं नका करू."

मुलीचं नाव शीतल. त्यात ऱ्हस्व वेलांटीच नाही. जे आप्पांच्या हातून आपोआप झालं होतं, ते मुद्दाम कसं करायचं हे शोधण्यात महेशची दुपार गेली. मी साडी बदलून टाकली.

*

आता नवऱ्यातला र.

जुन्या लॅपटॉपवर 'नवरा' झकास यायचा. पण 'नवऱ्याकडील मंडळी' लिहायला गेलं की तो अर्धा र डोक्यावर चढून बसायचा आणि 'नवर्याकडील' व्हायचं. थोडक्यात, नवरा एकटा असला की नीट उमटायचा. त्याला घरचं काही जोडलं की बिघडायचा. हे मी महेशला सांगितलं. तो म्हणाला, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे."

पण या र नं खरा घोळ घातला तो बशीरचाचांच्या फ्लेक्सवर. बशीरचाचा म्हणजे लग्नातल्या जेवणाचे आचारी. पंचक्रोशीत दोन्ही समाजांच्या मांडवांत त्यांच्याच कढया चढतात. त्यांनी फ्लेक्स करायला दिला: 'लग्नकार्यासाठी अनुभवी आचाऱ्यांची टीम मिळेल.' खाली फोन. आप्पांनी टाइप केला, र डोक्यावर चढला, आणि जळकोटच्या बाजूला हायवेवर फ्लेक्स लागला: 'अनुभवी आचार्यांची टीम मिळेल.'

आठवड्याभरात चाचा दुकानात आले. भांडायला नाही. बसले, पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सांगायला लागले, की जळकोटच्या एका पाटलांचा फोन आला, गुरुजी म्हणून. साखरपुड्याची तारीख काढून द्या म्हणाले. चाचांना वाटलं मोठ्या मानानं बोलतायत. ते म्हणाले, तारीख तुम्ही काढा, मला फक्त माणसं किती ते सांगा. पाटील म्हणाले, माणसं दोनच, पोरगा आणि पोरगी, दोघांच्या पत्रिका घेऊन येतो.

"आप्पा," चाचा म्हणाले, "म्या पुलाव करनारा मानूस. तुमी मला गुण जुळवायला बसवलंय."

आप्पा ओशाळले. महेशनं लगेच फाइल उघडली. त्या र ला वेगळा नंबर आहे, शून्य नऊ तीन एक. तो घातला की तो डोक्यावरून उतरून य च्या पोटाशी येऊन बसतो. नवीन फ्लेक्स फुकट देतो, म्हणाला. हाही रविवारच होता, हे वेगळं सांगायला नको.

चाचांनी हात वर केला. "राहू द्या की. पाटलानं जेवनाची ऑर्डर बी मलाच दिली. पत्रिका जुळते का, इचारलं. म्हनलं, आधी जेवून घ्या, मंग सांगतो."

*

नळदुर्गला एकदा गेलोही. महेशनं घरात नुसतं सांगितलं, की आज आम्ही जाऊन येतो. सासूबाई म्हणाल्या, "दोघंच? जीव कसा रमंल तुमचा?" आणि जीव रमावा म्हणून त्या निघाल्या. त्या निघाल्या म्हणून आत्या. आत्या निघाल्या म्हणून दशम्या, शेंगाचटणी आणि सतरंजी. मग मोटारसायकल राहिली, शेजारची जीप आली.

किल्ला छान आहे. आमचा एक फोटोही आहे, पाण्याच्या कडेला. त्यात उजवीकडं मी, डावीकडं महेश, मधे आत्या.

फोटो बघून माझ्या आईनं वाशीहून फोन केला. म्हणाली, "जावईबापू कडेला का उभारलेत?"

*

शेवटचा किस्सा परवाच्या रविवारचा.

त्या दिवशी आम्ही हुशारीनं बेत केला होता. पत्रिकांचं काम शनिवारीच उरकलेलं. गाडीची किल्ली महेशच्या खिशात. कुणाला काही बोललो नव्हतो. तरी सकाळी बघते तर दारात आत्या, पायांत चपला, काखेत दशम्यांचा डबा. मागं सासूबाई पदर नीट करतायत. "चला, ऊन व्हायच्या आत," आत्या म्हणाल्या. महेशनं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजी आणायला वळले.

तेवढ्यात एक नवरदेव आला. लाजरा, उंच. कच्ची पत्रिका त्यानं बघितलेली, पण एक बदल हवा होता. आप्पांसमोर बोलेना. महेशच्या कानाला लागला. महेश हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो, एवढंच ना? दोघांच्या नावांमधे बदाम पाहिजे, आप्पा."

आप्पा चष्मा लावून महेशच्या मागं येऊन उभे राहिले. बदामाचा नंबर त्यांना माहीत नव्हता. महेश म्हणाला, याला नंबर लागत नाही. मराठीत अक्षरांना लहान-मोठेपण नसतं, म्हणून कॅप्स लॉकचं बटण आपल्याकडं रिकामंच बसून असायचं. महेशनं त्याला दुसऱ्या कामाला लावलं होतं: ते दाबायचं आणि मग दोन खुणा मारायच्या, की त्यांचं मिळून एक चिन्ह होतं. त्यानं ते दाबलं, पुढं दोन बटणं दाबली आणि दोन नावांच्या मधे काळाभोर बदाम उमटला. नवरदेवाचे कान लाल झाले.

"परत कर," आप्पा म्हणाले. "सावकाश."

महेशनं सावकाश केलं. "हे बघा, आधी शाळेतलं लहानाचं चिन्ह, ज्याचं तोंड उजवीकडं उघडं असतं ते. मग तीनचा आकडा. झाला बदाम."

"म्हंजी गणितात वाचायचं कसं?"

"तीनापेक्षा कमी."

आप्पांनी स्वतः करून बघितलं. बदाम आला. "तीनापेक्षा कमी," ते पुटपुटले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. एकदा महेशकडं बघितलं, एकदा सतरंजी घेतलेल्या माझ्याकडं, मग दाराकडं. माझ्या हातातली सतरंजी घेऊन त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि बहिणीला म्हणाले,

"आक्का, चपला काढ."