कुंकू लावलेला स्क्रूड्रायव्हर

आयुधपूजेच्या सकाळी साफ करायला म्हणून मी वडिलांच्या सायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर सुटा केला. जोडताना आतली स्प्रिंग सारखी उडत होती. शेवटी कशीबशी दाबून पिन घातली. पूजा झाल्यावर लिव्हर ओढून पाहिला, तर तो परतच येईना. वडील याच सायकलवरून बोम्मसंद्र्याला, कारखान्यातल्या पूजेला निघणार होते. होसूर रोडवर पुढचं चाक अडकलं आणि मागून लॉरी आली तर?

पूजलेल्या हत्याराला आमच्याकडे दिवसभर कोणी हात लावत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी चौकात वाटायचे, तरी कुंकू लावलेल्या स्क्रूड्रायव्हरपाशी माझा हात थबकला. देवाचं भय नव्हतं, आईचं होतं.

"ब्रेक अडकतोय," मी पुटपुटले.

आईनं स्वतःच स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला. "घे. आता का थबकलीस? पत्रकं वाटताना बरी धीट असतेस!"

या वेळी स्प्रिंगचं टोक भोकात नीट बसलं. लिव्हर टक्कन परत आला. वडील पूजेत चाकाखाली ठेवलेलं लिंबू चिरडून निघून गेले. संध्याकाळी गल्लीत त्यांची घंटी वाजेपर्यंत आम्ही दोघी दारातच बसून होतो.