चूक माझी, हात बापाने जोडले

शेठने वजनकाट्याच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी माझ्या बापाच्या हातात दिली. म्हणाला, "वाच."

माझ्या बापाला वाचता येत नाही. शेठच्या चिखले गावातल्या वाडीत चिकू काढता काढता त्याचे केस पिकले. शेठला सगळं माहीत होतं. बापाने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. ऑफिसातले हसले. शेठचा पुतण्या सगळ्यात मोठ्याने. बापाने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"शेठ, पोरीचा चुकला. माफी करा."

चूक माझीच होती, ते लपवत नाही. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी तलासरीहून रोज डहाणूला शेठच्या ऑफिसात यायची. तिथे वजनकाटे बनतात. चिकूची पाटी ठेवली की काढणाऱ्याचं नाव आणि वजन चिठ्ठीवर येतं. नावं इंग्रजी अक्षरांतली, फोनवरून कॉपी केलेली, त्यांत प्रिंटरला न कळणारी चिन्हं घुसायची. ती काढून तिथे रिकामी जागा टाकायची, एवढंच काम. पुतण्याचा प्रोग्रॅम प्रत्येक नावाची नवी कॉपी करायचा आणि जुनी पुसायचाच नाही. काट्यात मेमरी ती केवढी? दुपारपर्यंत मशीन अडकायचं. रोज. त्यासाठी पुतण्याच्या बापाला कोणी बोलावलं नाही.

मी कॉपीच काढून टाकली. भाताच्या खाचरात रोप मेलं तर आई सगळी ओळ उपटत नाही, त्याच जागी नवं खोचते आणि पुढे सरकते. मी तसंच केलं. नाव जिथे आहे तिथेच एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालायचं, वाचत जायचं आणि मागोमाग लिहीत जायचं. मशीन दिवसभर चाललं. मला त्या दिवशी घास गोड लागला.

पण चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे मेमरीतल्या तीन घरांचं, रिकामी जागा एका बाइटची. नाव आखडतं. आखडलं की नवा शेवट कुठे, हे मशीनला शून्य टाकून सांगावं लागतं. ते शून्य मी विसरले. जुना शेवट मागे तसाच राहिला आणि एका बाईच्या नावाची शेवटची दोन अक्षरं दोनदा छापली गेली. बस, एवढंच.

एवढ्यासाठी शेठने माणूस धाडून बापाला वाडीतून आणवलं.

मी तिथेच शून्य टाकणारी एक ओळ घातली. पुढची चिठ्ठी बरोबर निघाली. शेठने ती पाहिली, आवाज मऊ केला. उद्या मुंबईची पार्टी काटे विकत घ्यायला, बघायला येणार आहे, म्हणाला, प्रोग्रॅमवर पुतण्याचं नाव घाल.

"तुला कोण ओळखतं?"

बापाचे हात अजून जोडलेलेच होते. 

"नाही घालणार. चुकलं तेव्हा माझंच नाव होतं ना, शेठ?"

शेठ बापाकडे वळला. म्हणाला, उद्यापासून वाडीत येऊ नको, पोरीलाही ऑफिसात धाडू नको.

 टमटममधून पाड्याजवळ उतरल्यावर बापाने विचारलं, "चुकी तुझीच ना?"

"हो."

"मंग हात जोडला तं काय जाला?"

 मी रस्त्यावर उभी राहून रडले. त्याला वाटलं, काम गेलं म्हणून रडते. त्याने आयुष्यभर असेच हात जोडले असतील, मी शाळेत असताना, मी नसताना, न केलेल्या चुकांसाठीसुद्धा, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याला कोणी कळूच दिलं नाही. याचं दुःख त्याला कसं समजावू?

आता दुसरीकडे काम शोधतेय, तिथे आधीच सांगते. चूक होईल, पुन्हा होईल. ती माझ्या तोंडावर सांगा, मी दुरुस्त करीन. पण माझ्या बापाला बोलावलंत तर तुमचं दार त्याच क्षणी सोडीन. आणि मी लिहिलेल्या ओळीवर दुसऱ्याचं नाव माझ्या हाताने चढणार नाही. बाप अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तरीही नाही.