करकरणारा मनोरा

"मंगळवार, १४ मार्च २०२३. सकाळी धुकं, दुपारपासून वारा. कोंबड्यांची दोनच अंडी. निकानोर पवनचक्कीवरून अर्ध्यातच उतरला. त्याच्यामागून बाकीचे तिघंही."

एतेल्विनाने वही मिटली. खोऱ्यातली शेवटची कोळशाची खाण बंद झाल्यावर प्रांताच्या सरकारने खाणकामगारांना पवनचक्की दुरुस्ती शिकवायला पैसे दिले होते. पहिल्या तुकडीत चौघं. ते पास झाले तरच दुसऱ्या तुकडीचे पैसे येणार होते. त्या तुकडीसाठी अर्धं गाव आस लावून बसलं होतं.

आस लावून बसलेल्यांत शेजारच्या ओब्दुलियाचा जावईही होता. ती दारातूनच एतेल्विनाच्या मुलावर, निकानोरवर कडाडली, "वीस वर्षं जमिनीच्या पोटात काढलीस रे, आणि शिडी बघून गाळण उडाली?"

"भ्यायलो नाही, मावशी. वारा आला आणि मनोरा आतून करकरला. मी ओरडलो, 'बोलतोय, पळा!' मग काय, सगळेच सुटले."

ओब्दुलियाला याहून जास्त सांगायला नको होतं. तिचाही नवरा खाणीतलाच. खाणीत छताखालचे लाकडी टेकू करकरले, म्हणजे 'बोलले', की छत कोसळणार; विचार करत बसायचं नसतं. एतेल्विनाचा नवरा, बेलार्मिनो, कोट घ्यायला वळला होता, तो बाहेर आलाच नाही. पुढे मुलगा पहिल्यांदा खाणीत निघाला, तेव्हा तिनेच बजावलं होतं, करकर ऐकलीस की मागे बघायचं नाही.

शिकवणाऱ्या मुलीने गुरुवारी पुन्हा एक संधी दिली. मनोरा वाऱ्यात डुलतो, करकरणारच, असं तिने समजावलं.

"मला कळतंय गं आई," गुरुवारी सकाळी बूट बांधताना निकानोर म्हणाला. "पायांना कळत नाही."

"पळायला मीच शिकवलं ना? आता मीच सांगते, थांब."

"आणि खरंच पडायला लागला तर?"

"त्या पोरीकडे बघ," एतेल्विना म्हणाली. "ती उभी आहे तोवर तूही उभा राहा."

दुपारी वारा वाढला. दोरीवरच्या चादरी फडफडायला लागल्या. एतेल्विना आणि ओब्दुलिया अंगणात उभ्या राहून डोंगराच्या कडेकडे बघत होत्या. बराच वेळ तिथे काहीच दिसलं नाही. मग मनोऱ्याच्या माथ्यावर पिवळ्या शिरस्त्राणांचे ठिपके उगवले.

"किती गं?" एतेल्विनाने विचारलं. "माझ्या डोळ्यांत वारा जातोय."

ओब्दुलियाने बोट हलवत मोजलं. "पाच. पोरीसकट पाच! अगं, सगळे वर आहेत!"

निकानोर घरी आला तो पास होऊनच.

"करकरला?"

"सारखा."

मक्याची भाकर अर्धी टाकून तो खुर्चीतच झोपला. झुळकीने स्वयंपाकघराचं दार करकरलं. तो धडपडत उठला आणि डोळे नीट उघडायच्या आत अनवाणी अंगणात पोहोचला. एतेल्विना त्याच्यामागे गेली. हात धरून तिने त्याला आत आणलं. उद्यापासून त्याला रोज वर जायचं होतं.

संध्याकाळी तिने लिहिलं: "गुरुवार, १६ मार्च. जोराचा वारा. चौघंही पास. स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं."