तास संपला की वर्ग बदलतो

माझं कॉलेजात नाव लागलं म्हणून आमचं अख्खं घर चांदवडजवळच्या खेड्यातून सातपूरला हललं. वडील तिथल्या कारखान्यात आधीपासून होतेच. कांदा घेऊन नाशिकला निघालेल्या ट्रकमध्ये संसार मावला. आईने बरण्यांभोवती कडबा कोंबला, भांडी गोण्यांत भरली, आरसा खाकी कागदात गुंडाळला. उतरल्यावर कडबा शेजारणीच्या शेळीने खाल्ला, गोण्यांची अंथरुणं झाली. टाकून द्यावं असं काही निघालंच नाही. आठवड्याभरात वाटायला लागलं, टाकाऊ निघाले ती मीच.

पहिल्या दिवशी तास संपला, सगळे उठून गेले. मी बसून राहिले. शाळेत वर्ग तोच असतो, मास्तर बदलतात. नवी मुलं आली, नवे सर आले, त्यांनी जमाखर्च शिकवला. मी आर्ट्सची, तरी सगळं उतरवून घेतलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सरांनी हजेरीत माझं नाव सापडेना म्हणून विचारलं, "बाई, तू इथे कोणाची पाहुणी?" वर्ग खदखदून हसला. त्या हसणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

घरी येऊन सांगितलं, मला गावी परत जायचंय. आई गोणी झटकत होती.

"वर्ग बदलत्यात, हे तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"नाय."

"मग चूक तुझी कशी? गोण्या मी परत भरनार नाय."

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक शोधलं. ऑफिसच्या आतल्या बाजूला, काचेच्या पेटीत, इंग्रजीत. म्हणजे ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलंय, त्यांच्यापुरतीच सोय! मी आरशाचा खाकी कागद काढला, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे तास संपला की वर्ग बदलतो. खाली आमच्या वर्गाचं अख्खं वेळापत्रक. कणकेच्या खळीने फाटकाशेजारी चिकटवलं. शिपायाने फाडलं. कागद अजून उरला होता. मी दुसरं लावलं.

तिसऱ्या दिवशी घोटीकडच्या दोघी तिथे वाचत उभ्या होत्या. एकीने दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे आम्ही भलत्याच वर्गात बसतोय?"

"मीपण आठ दिवस बसले," मी म्हटलं. "चला वर."

आम्हाला उशीर झाला. सर रागावले. पण हजेरीत तिघींची नावं होती, आणि तिघींनी मोठ्याने हजर म्हटलं.