अवकाशातील दुर्बीण आणि माझी सही

मी, रामचंद्र बापू कोळेकर, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी मेंढपाळ, हल्ली शेतकरी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार बावडा, तालुका इंदापूर, सत्यास स्मरून लिहितो की, सन १९९९च्या हिवाळ्यात मी बारामतीस गेलो, तो कृष्णविवर पाहण्यासाठी.

कारण असे. माझी नात विजया बारामतीस भौतिकशास्त्र शिकत होती. पुढील संशोधनासाठी तिला पुण्यात जागा मिळत होती. तिचे वडील हयात नसल्याने पालक म्हणून माझी सही हवी होती. अर्जावर छापले होते : ‘उमेदवाराच्या संशोधनाची मला पूर्ण माहिती आहे.’ मला ती नव्हती. डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर मी कधी सही केलेली नाही. तलाठ्याचा पंचनामाही एकदा परत केला आहे. अर्ज मी गेलो त्याच दिवशी चारच्या टपालाने जाणे आवश्यक होते.

बावड्याहून सकाळची पहिली एस.टी. धरून इंदापूर गाठावे. पुढील गाडी निमगाव केतकी, भवानीनगर मार्गे जाते. खिडकीशी बसल्यास पानमळे दिसतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, म्हणून तासभर हाताशी ठेवावा.

“आबा, बारामतीत काय काम काढलं?” कंडक्टरने विचारले.

“कृष्णविवर पाहावयाचे आहे.”

मागच्या बाकावरील बाई म्हणाली, “जावा की! बारामतीत समदं मिळतंय, त्येबी आसंल.”

सर्व गाडी हसली. मी हसलो नाही.

स्टँडवर मिसळ खाल्ली. रस्सा बेताचा, पाव ताजे. कॉलेजात विजया व तिच्या जोशीबाई वाट पाहत होत्या. विजयाने एक काळे चित्र पुढे ठेवले. त्यात एक पांढरा ठिपका.

“ह्यो बघा, आबा.”

“हा तर चकाकतो. काळे कोठे आहे?”

“ते दिसत न्हाय. त्यात पडणारा वायू तापतो, त्यातनं क्ष-किरण निघत्यात. तेवढं दिसतंय.”

क्ष-किरण मला ठाऊक होते. दवाखान्यात माझ्या छातीचा फोटो काढला होता.

“मग दुर्बीण दाखव.”

“ती हितं न्हाय. हवा क्ष-किरण अडवती, म्हणून हवेच्या वर सोडलीया.”

वस्तू दिसत नाही आणि यंत्रही येथे नाही! मी पेनला टोपण लावले. विजयाचा चेहरा उतरला. दोन वाजून गेले होते.

जोशीबाई म्हणाल्या, “आबा, सूर्याच्या दहा-वीस पट वजनाची लहान विवरं ठाऊक आहेत. लाखो पटींची मोठीही आहेत. मधली, शे-हजार पटींची, अजून नक्की सापडलेली नाहीत. हा ठिपका लहान विवरासाठी फार तेजस्वी आहे. आणि मोठी असतात तसा तो, ज्या ताऱ्यांच्या समूहात आहे, त्याच्या मधोमधही नाही.”

“म्हणजे नुसता संशय?”

“संशयच. म्हणून तर शोधायचं.”

मी विचारात पडलो. कळपात कोकरे आहेत, थोराड मेंढे आहेत, आणि मधल्या वयाचे एकही जनावर नाही, असे कोणी सांगितले, तर मी मानीन काय? कोकरू एका रात्रीत मेंढा होत नाही. मधली कोठेतरी चरत असणारच. आणि लांडगा तरी मी कितीदा पाहिला? सारी मेंढरे एकाच दिशेला तोंड करून ताठ उभी राहिली, की मी काठी उचलत असे.

“विजे, त्या ठिपक्यापाशी मेंढरं कुणीकडं बघत्यात?”

ती हसली. “आत, आबा. समदी आतच.”

तरी गोंधळ मिटला नाही. जे दिसत नाही ते कोणत्या वजनकाट्यावर तोलले, हे मला अद्याप उमगलेले नाही. मात्र टोपण काढले. छापील ओळ खोडून लिहिले : ‘वस्तू मी पाहिलेली नाही. शोधणारी मुलगी पाहिली आहे. ती खोटे बोलत नाही.’ खाली सही केली.

“खाडाखोडीपायी फॉर्म बाद झाला तर, आबा?”

“खऱ्यापायी होत आसंल तर होऊ दे.”

चारला दहा कमी असताना पाकीट टपालात पडले. परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. “घावलं का, आबा?”

“न्हाय,” मी म्हणालो, “पर हाय.”

अर्ज बाद झाला नाही. विजया पुण्यास गेली. माझा गोंधळ बावड्यास राहिला. मी तो मोडीत काढलेला नाही.

सहीसमयी हजर : नात विजया, जोशीबाई, आणि वर आकाशात ती दुर्बीण. ती मी पाहिलेली नाही, तरी तिलाही साक्षीदार लिहितो.