माशाचा खोकला

माझं म्हणणं कुणी पटकन खरं मानत नाही, आणि यात चूक माझीच. बोराएवढी गोष्ट कलिंगडाएवढी करून सांगायची हौस मला लहानपणापासून. त्यामुळे सौराष्ट्राच्या समुद्रात व्हेल शार्क पाहून ढोकीला परतलो, तेव्हा निदान चुलत्यांनी तरी आपलं खरं मानावं, एवढीच माझी इच्छा होती. साक्षीदार एकटी बायको, आणि होडी हलल्यापासून तिनं डोळे गच्च मिटलेले.

काका उसाच्या बांधावर ठिबकचा फिल्टर खोलून बसले होते. मी दोन्ही हात पसरले.

"काका, एसटीएवढा मासा! अंगभर पांढरे ठिपके."

"माणसं खातो?"

"न्हाय. तिळाएवढी कोळंबी, माशांची अंडी, पाण्यातले बारीक जीव."

"एवढं धूड तिळावर जगतंय व्हय? लेका, थाप तरी नीट मार."

मी समजावलं. तो तोंड वासून पाणी आत घेतो. कल्ल्यांपाशी चाळणी असते. पाणी बाहेर जातं, खाणं आत राहतं. हे बारीक जीव जिथं दाटतात तिथं तो लांबून पोहत येतो. ते विरळ झाले की पुढं निघतो.

काका फिल्टरच्या चकत्यांवरचा चिखल बोटानं काढत होते. त्यांनी मान वर केली.

"चाळणी हाय म्हणतोस. मग ती तुंबत न्हाय?"

एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती. ती सांगितली तर माशाचा रुबाब जातो, असं मला वाटलं होतं.

"खोकला तो," मी हळूच म्हणालो.

"काय?"

"खाता खाता मधीच थांबला अन् खोकला. तोंडातनं गढूळ ढग बाहेर आला. होडीवाला म्हणाला, चाळणी साफ करतोय."

काकांनी चकत्या बसवल्या, झडप फिरवली आणि उलटं पाणी सोडलं. पाइपातून भसकन गाळ बाहेर पडला. ते माझ्याकडं वळले.

"हे खरं हाय."

"कशावरनं?"

"तुला थापच मारायची असती तर त्यानं चार माणसं गिळली असती. खोकला कुणी रचत न्हाय."

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात काकांनीच सगळ्यांना तो मासा सांगितला. एसटीएवढा, असं छातीवर हात ठेवून. मी शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होतो.

मासा टेम्पोएवढा होता. पण काकांना लोकांत खोटं कसं पाडणार?