कर्नलसाहेब बसत नाहीत

अख्ख्या भुसावळात मला सर्वांत जास्त छळणारा माणूस रशियात जन्मला होता. आमच्या शेजारचे कर्नलसाहेब. झारच्या काळातल्या बड्या सरदाराचे चिरंजीव. क्रांती झाली तेव्हा आईचं बोट धरून देश सोडला, मोठेपणी कुणाकुणाच्या फौजांत बंदूक चालवली आणि शेवटी इथल्या रेल्वे दवाखान्यातल्या नर्सबाईंशी लग्न करून आमच्या डोक्यावर येऊन बसले. बाई गेल्या, हे राहिले. महाल गेला तरी चारचौघांत मिरवायची हौस काही गेली नव्हती. बारसं, साखरपुडा, शेतातली भरताची पार्टी, काही म्हणून सोडायचे नाहीत. आणि न्यायचं कुणी? मी, माझ्या लुनावरून. भर मे महिन्यात काळा कोट आणि छातीवर पदकं. पहिल्या भेटीत ते आईचा हात चुंबायला वाकले. आईला वाटलं, पाया पडताहेत. तिने आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला "सुखी राहा" म्हणून आशीर्वाद देऊन टाकला.

पण खरा वैताग पंगतीचा. बाई समोर आली की पुरुषाने उभं राहायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. आमच्याकडे वाढायला घरच्या बायका. वरण आलं, उठले. बट्टी आली, उठले. तूप, वांग्याची भाजी, पुन्हा वरण. गुडघे कटाकटा वाजायचे. आपल्याकडे वडीलधारा माणूस भरल्या ताटावरून उठला म्हणजे रुसला, हे मी त्यांना किती वेळा सांगावं? एका लग्नात यजमान हात जोडून अगदी रडकुंडीला आले होते.

म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मी त्यांना समोर बसवलं. आमचे वडील नव्हते, तिचं आधीचं एक जमलेलं लग्न मानपानावरून मोडलं होतं, आणि शिरपूरचे हे व्याही भलतेच कडक. "पंगतीतून एकदाही उठायचं नाही," मी बजावलं.

"शब्द," ते म्हणाले.

पंगत बसली. सगळे बसले, आणि सहा फुटी कर्नलसाहेब एका टोकाला ताठ उभे. मी धावलो. दातओठ खात विचारलं, "शब्द दिला होता ना?"

"उठलो कुठे? मी बसलोच नाही."

तेवढ्यात व्याही बोट दाखवून मला अहिराणीत विचारू लागले, "त्या कोन शेतस? उभा का शेतस?" मी मनात म्हटलं, आता हेही लग्न गेलं. पण आमच्याकडे पाहुणे जेवेपर्यंत नवरीचा बाप बसत नाही. व्याह्यांनी आपणच मान डोलावली. "समजनं. पोरना बापनी जागावर उभा शेतस." आणि पोटभर जेवले. पंगत उठेपर्यंत कर्नलसाहेब उपाशी उभे होते. मला रडू आलं ते रागानेच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे साफ गेले. बहीण शिरपूरहून बट्ट्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात आली, तर हे खाटेवर काठी चाचपडू लागले. "अहो, पडाल," मी खेकसलो. बहिणीने ते पाहिलं आणि ती उंबऱ्याबाहेरच फतकल मारून बसली.

"आत ये," ते म्हणाले.

"मी आलेच नाहीये, बाबा," ती म्हणाली.

दोन तास तिथूनच गप्पा मारल्या. डबा तेवढा मला आत न्यावा लागला.